तोडण्याआधी शेंग बघा



दसरा आता महिन्यावर आला आहे. पूर्वहंगामी उसाच्या लागणीसाठी रानाची तयारी सुरू झाली, की पहिला घाव पडतो तो बांधावरच्या झाडावर. पूर्वी कुऱ्हाड चालायची, तेव्हा झाड पडायला निदान एक दिवस लागायचा. तेवढ्या वेळात कोणी तरी शहाणे माणूस येऊन "थांब" म्हणायचे. आता जेसीबी दहा मिनिटांत मोकळा होतो. म्हणून या खेपेस खते-औषधांचा विषय बाजूला ठेवतो आणि झाडांच्या ओळखीविषयी लिहितो. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीपासून करायला हवी.

गोष्ट पंचवीसएक वर्षांपूर्वीची. मी नोकरीत नवा होतो आणि बी.एस्सी. ॲग्रीची पदवी डोक्यात होती. डाळजच्या शिवारात एका शेतकऱ्याने मला रस्त्यावरच थांबवले. उजनीच्या पाण्यावर त्याने नवी पाइपलाइन केली होती आणि बांध सरळ करून ऊस लावायचा होता. बांधावर एक काटेरी झाड आडवे येत होते. "साहेब, ही वेडी बाभूळ काढून टाकू का?" मी मोटारसायकलवरून उतरलोसुद्धा नाही. बारीक पाने दिसली, काटे दिसले. झाडाला तेव्हा ना फूल होते, ना शेंग. "काढून टाका," म्हणालो आणि पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने येताना त्याची आई आडव्या पडलेल्या झाडाशेजारी बसलेली दिसली. मला बघून म्हणाली, "सायेब, ही येडी न्हवं, सौंदड हाय. दसऱ्याला आमी हिचीच पूजा करतू. भात्तरच्या दुष्काळात हिच्या पाल्यावर दोन बैल जगवलं. येड्या बाभळीच्या पाल्याला शेरडू तरी तोंड लावतंय का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जी परीक्षा मी पुस्तकातून पास झालो होतो, ती त्या आजीने शेळीच्या तोंडावरून घेतली, आणि मी नापास झालो.

तेव्हापासून एक नियम पाळतो आणि तुम्हालाही सांगतो. काटेरी झाड एकट्या पानावरून ओळखायचे नाही. काटा बघा, फूल बघा, शेंग बघा. फूल-शेंग नसेल तर हंगाम येईपर्यंत थांबा. झाड दहा-वीस वर्षे उभे आहे, आणखी चार महिने उभे राहिल्याने काही बिघडत नाही.

आपल्या इंदापूर-बारामतीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात चार झाडांची नेहमी गल्लत होते. बाभूळ, हिवर, सौंदड ही तीन आपली. चौथी वेडी बाभूळ, ही परकी. चौघांची पाने लांबून सारखी दिसतात. चिंचेची पाने जोडी-जोडीने एकाच देठावर ओवावीत, तशी या झाडांच्या पानांची ठेवण असते. म्हणून नुसत्या पानावर भरवसा ठेवू नये. आता एकेकाकडे बघू.

बाभूळ : खोड काळसर, साल खोल चिरलेली, जखम झाली की डिंक येतो. पानाच्या बुडाशी पांढरट, लांब, सरळ काट्यांची जोडी. पावसाळ्यात आणि त्यानंतरही पिवळ्याधमक गोंड्यांची फुले, त्यांना मंद वास. शेंग मात्र एकदा पाहिली की विसरणार नाही : करड्या-पांढुरक्या रंगाची, दोन बियांच्या मधे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. रामकाठी बाभूळ ही हिचीच एक जात. तिच्या फांद्या खराट्यासारख्या वर उभ्या जातात, म्हणून तिची सावली पिकावर कमी पडते. बांधावर ठेवायला उत्तम.

हिवर : याचे खोड पांढरट-पिवळसर आणि कोवळेपणी बरेचसे गुळगुळीत असते. माथा छत्रीसारखा पसरट. काट्यांची जोडी असते, पण बाभळीपेक्षा बहुधा आखूड. फुलेही गोंड्यांचीच. बाभळीचा गोंडा पिवळाधमक आणि पानाच्या बगलेत असतो. हिवराचे गोंडे फिक्कट पिवळे, बारीक, आणि फांद्यांच्या शेंड्यांवर मोठ्या झुबक्यांनी येतात. या दिवसांत फुललेला हिवर लांबून सायीच्या रंगाचा दिसतो. शेंग चपटी, अरुंद, किंचित वाकडी, तपकिरी. मण्यांची माळ नाही.

सौंदड म्हणजेच शमी : हिचे काटे नीट बघा. ते जोडीने नसतात. गुलाबाच्या काट्यासारखे बुडाशी रुंद, आखूड, आणि फांदीवर दोन पानांच्या मधल्या जागेतही विखुरलेले असतात. पाला राखट हिरवा. फुलांचे गोंडे नसतात. बोटभर लांब, सडपातळ, फिक्कट पिवळे तुरे असतात. ते हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान येतात. उन्हाळ्यात लांब, बारीक, चवळीसारख्या शेंगा लोंबतात. आत गोडसर गर असतो.

वेडी बाभूळ : मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती आपल्या देशात आणली गेली आणि पुढे पडीक जमिनीवर सरपणासाठी मुद्दाम लावली गेली. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटून तिचे झुडूप होते. पानाच्या बुडाशी मजबूत, सरळ काटे, बहुधा जोडीने. हिलाही सौंदडीसारखे तुरेच येतात, म्हणून नुसत्या फुलावरही फसगत होते. शेंग पाहिली की शंका फिटते : जाड, चपटी, पिवळसर, थोडी वाकलेली. शेंगा जनावरे आवडीने खातात आणि लेंड्या-शेणातून बी शिवारभर पेरतात. पाल्याला मात्र तोंड लावत नाहीत. आजीने सांगितलेली खूण ती हीच.

थोडक्यात, गोंडा असेल तर बाभूळ किंवा हिवर, आणि त्यांचा निकाल खोड व शेंग करते. तुरा असेल तर सौंदड किंवा वेडी बाभूळ, आणि त्यांचा निकाल काटा व शेंग करतो. तुरे आहेत, पण काटे जोडीचे आणि हुकासारखे वाकडे असतील, शेंग पातळ, चपटी, तपकिरी असेल, तर तो खैर समजावा. झाडे तोडण्याविषयीच्या १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातील मूळ यादीत खैर होता. तो तोडण्याआधी परवानगीची चौकशी करावी.

आता कोणी विचारील, एवढी ओळख करून फायदा काय? ऐका.

सौंदडीची मुळे फार खोल जातात आणि सावली विरळ पडते. त्यामुळे तिच्याखाली पीक येते. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. तिच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात आणि पाला जनावरांना घालतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडे वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले. १९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्ष केले. ज्या झाडासाठी तिकडे माणसांनी मान दिली, ते मी इकडे मोटारसायकलवरून न उतरता तोडायला सांगितले!

उलट बाजूही पाहा. वेडी बाभूळ ओळखता आली नाही आणि "असू दे, सावली आहे" म्हणून ठेवली, तर पाच-सहा वर्षांत बांधाची ती आणि शेवटी रानाचीही ती मालकीण होते. जलाशयाकाठच्या पडीक जागा तिने कशा व्यापल्या, ते तुम्ही बघताच. तीही नुसती वरून छाटून जात नाही, दुपटीने फुटते. बुंध्याचा जमिनीखालचा गड्डा खणून काढावा लागतो, आणि तोही शेंगा पिकण्याआधी.

हिवराबाबत शेळ्या-मेंढ्यावाल्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. हिवराचा पाला आणि शेंगा जनावरे आवडीने खातात आणि इतर चाऱ्याबरोबर थोड्या प्रमाणात ते चालतेही. पण नुसत्या हिवरावर पोट भरू देऊ नये. त्यात हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा करण्याचा गुण आहे. उपाशी कळप एकदम हिवराखाली सोडू नका. जनावराला धाप लागली, तोल जाऊ लागला, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता तत्काळ पशुवैद्यकाला बोलवा. या विषात घटकेचा हिशेब असतो. बाभूळ आणि हिवर यांतला फरक म्हणूनच गुराख्याच्या पोरालाही माहीत हवा.

हे सारे घरी शिकण्याची सोपी रीत सांगतो. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना हाताशी घ्या. फूल किंवा शेंग असलेली वीतभर डहाळी कात्रीने कापा. काट्यांपासून डोळे आणि बोटे जपा. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ती पसरून ठेवा आणि वर पाटा किंवा विटा ठेवा. पहिले काही दिवस कागद रोज बदला, म्हणजे बुरशी येत नाही. वाळली की वहीत चिकटवा आणि खाली झाडाचे गावातले नाव, तारीख, जागा, खोडाचा व फुलाचा रंग लिहा. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून हे त्याच वेळी लिहायचे. वनस्पतिशास्त्रज्ञही असेच नमुने ठेवतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाच्या संग्रहात असेच वाळवलेले नमुने जपलेले आहेत. आपल्या वहीत आणि त्यांच्या कपाटात फरक आकाराचा, रीत एकच.

आणि वही भरताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला विसरू नका. कोणत्या झाडाला शेळी तोंड लावते, कशाचा जू चांगला होतो, कशाचे सरपण फटफटते, ही माहिती कित्येक घरांत एकाच माणसाजवळ उरली आहे.

त्या सौंदडीचे पुढे काय झाले? सौंदड बुडातून पुन्हा फुटते. आजींनी उन्हाळ्यात बुंध्याभोवती काट्यांचे कुंपण केले आणि हंड्याने पाणी घातले. लेकाने उसाची सरी हातभर आत घेतली. आजी आता नाहीत. झाड दोन पुरुष उंच झाले आहे. दसऱ्याला त्या घरची माणसे तिथे हळद-कुंकू वाहतात, आणि मी त्या बाजूला असलो की मोटारसायकल उभी करून, खाली उतरून, नवीन कृषी सहायकांना काटा दाखवतो.

या आठवड्याचे काम : आपल्या बांधावरच्या प्रत्येक काटेरी झाडाजवळ जा आणि काटा जोडीचा की विखुरलेला, एवढेच बघून या. बाभूळ व हिवर आता फुलावर आहेत, त्यांची डहाळी वहीत घ्या. सौंदडीसाठी जानेवारीत पुन्हा चक्कर मारा. आणि ज्या झाडाची खात्री नाही, त्याला शेंग येईपर्यंत हात लावू नका.

दसऱ्याच्या अंकात आपटा आणि कांचन यांतला फरक पाहू. सोने म्हणून आपण दरवर्षी कांचनाची झाडे ओरबाडतो, ती गल्लतही एकदा मिटवली पाहिजे.