पूजा झाली, देखभालीचे काय?

दसऱ्याला राज्यातल्या कार्यालयांत आणि दुकानांत कॉम्प्युटरला झेंडूची माळ पडली, मॉनिटरच्या कडेला हळदकुंकू लागले. त्यानंतर बाराव्या दिवशी, मंगळवार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. यंत्र बंद पडलेले नाही. टॅली उघडते, बिले छापून येतात, शाळेचे पगारपत्रक तयार होते. त्यामुळे काही घडले आहे असे कोणाला वाटलेच नाही. लक्ष्मीपूजनाला हीच यंत्रे पुन्हा गंधफूल घेतात. त्याला आमची हरकत नाही. ज्याच्यावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडणे ही चांगलीच रीत आहे. एवढेच, की खंडेनवमीला शस्त्रे पूजायची तर ती आधी घासूनपुसून, धार लावून घेत.

अपडेट म्हणजे जागा बदललेली बटणे आणि ऐन कामाच्या वेळी अडून बसलेले यंत्र, अशी आपली समजूत झाली आहे. तिला कंपन्याच जबाबदार आहेत. सुरक्षेची दुरुस्ती आणि कोणी न मागितलेली सजावट त्या एकाच पुडीत बांधून देतात. पण दुरुस्तीचा भाग वेगळा काढून पाहिला, की घाईचे कारण कळते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या जाहीर करते. त्या आपल्याला मिळतात तशा चोरांनाही मिळतात. जुनी आणि नवी फाइल शेजारीशेजारी ठेवली, की भोक नेमके कुठे होते ते जाणकाराला दिसते. म्हणजे दुरुस्ती आल्यावर ती न घेतलेले यंत्र आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात असते. विंडोज १० चे दुखणे इथेच आहे. तिचा बराचसा पाया विंडोज ११ शी सामाईक आहे. यापुढे ११ मध्ये बुजवलेली कित्येक भोके १० मध्ये तशीच उघडी राहतील, आणि ती कुठे आहेत हे दर महिन्याला जगजाहीर होत राहील.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधले असेच एक भोक बुजवणारी दुरुस्ती आली. १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर सुटले. दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून अधिक यंत्रे कुलूपबंद झाली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. पसरण्यासाठी त्याला कोणी चुकीचा मेल उघडण्याची गरज नव्हती. नेटवर्कवरच्या एका यंत्रातून दुसऱ्यात ते आपले आपण शिरत होते. दुरुस्ती दोन महिने दारात उभी होती. एवढे पाहूनही जग हलले नाही. २७ जूनला नॉटपेट्या हे दुसरे घातक सॉफ्टवेअर आले, त्यानेही तेच भोक वापरले, आणि त्या तडाख्यात मर्स्क या जहाज कंपनीबरोबर आपल्या न्हावा-शेवा बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले.

नॉटपेट्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसवले गेले होते. शिवाय १९ जुलै २०२४ ची सकाळ विमानतळावर काढलेले लोक आहेतच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली आणि आपल्याकडे बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. अपडेटला घाबरणारा माणूस अगदीच अडाणी नाही. पण दोन्ही पारडी भरून पाहिली तर न घेतलेल्या दुरुस्तीचे पारडे कितीतरी जड आहे. बिघडलेले अपडेट जगाला लगेच कळते. उघडे राहिलेले भोक फक्त चोराला कळते.

मग विंडोज १० वाल्यांनी काय करावे? यंत्र चालत असेल तर आधी ‘सेटिंग्ज’मध्ये विंडोज ११ साठी ते पात्र आहे का ते पाहावे. नसेल, तर घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप ठेवल्यास ती फुकट आहे. नोंदणी मात्र आपण होऊन करावी लागते. ज्यांचे काम ब्राउझर आणि पत्रलेखनापुरते आहे त्यांनी लिनक्सचा विचार करावा. मराठी तिथे उत्तम टंकता येते. टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, एवढ्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात काढायला लावणे हा मायक्रोसॉफ्टचा उद्दामपणा आहे, आणि पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती यांच्या अंदाजपत्रकात देखभालीचे खातेच नसणे हा आपला आळस.

देखभालीचा दुसरा भाग म्हणजे मेल. कचरा मेलची परंपरा जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम गेलेल्या त्या पहिल्या पत्रात कॉम्प्युटरचीच जाहिरात होती. दिवाळीत हा कचरा दुप्पट वाटतो, कारण खरेदीच्या नादात आपणच पत्ता वाटत सुटतो. खरेदीसाठी वेगळा मेल पत्ता ठेवावा. ओळखीच्या दुकानाची पत्रे नको असतील तर ‘अनसबस्क्राइब’ जरूर दाबावे. अनोळखी पत्राला मात्र ‘नको’ असेही कळवू नये, सरळ स्पॅममध्ये टाकावे, कारण उत्तर आले की पत्ता जिवंत असल्याची खात्री पटते. आणि शुभेच्छा पाठवताना शंभर जणांचे पत्ते ‘टू’मध्ये उघडे मांडण्याची सवय सोडावी, ‘बीसीसी’ त्यासाठीच आहे.

खरा धोका जाहिरातीचा नाही, सोंगाचा आहे. ‘केवायसी आजच अपडेट करा’, ‘ई-चलान भरा’, ‘तुमचे विंडोज कालबाह्य झाले, इथे दाबा’ ही सोंगे आता मेल सोडून व्हॉट्सअ‍ॅपवरही आली आहेत, अँड्रॉइड अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल हातात घेऊन. विंडोज १० च्या बातमीचा फायदा ही मंडळी घेणारच. अशा वेळी एकच विचारावे: आपण त्या कामाकडे गेलो, की ते काम आपल्याकडे आले? खरे अपडेट यंत्राच्या सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये जाऊन घ्यावे, बँकेचे काम बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून करावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितले होते. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते, ते नजरेत बसवून घ्यावे.

आणि पैसे गेलेच, तर लाजेपोटी सण संपायची वाट पाहू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक त्याच क्षणी फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.