चोरीचा माल आणि ‘सद्भावी’ खरेदीदार

वेस्ट मांबलम, चेन्नई

“त्या मूर्ती तिकडेच बऱ्या होत्या, निदान सुरक्षित तरी होत्या,” हे वाक्य वेस्ट मांबलममधील सुशिक्षित घरांत वरचेवर ऐकू येते. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. सकाळी कोदंडरामाच्या देवळात जाऊन येतात, वर्तमानपत्र वाचतात आणि मग आपल्याच लुटीचे समर्थन करतात. या मताचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण न्यूयॉर्क आणि लंडनच्या पुरावस्तू-बाजाराचा सारा नैतिक डोलारा याच मतावर उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान या खेड्याच्या चोळकालीन मंदिरातून २००६ साली नटराजाची कांस्यमूर्ती चोरली गेली. पूजा थांबलेले, कुलूपबंद देऊळ; चोरी उघडकीस आली ती २००८ मध्ये. त्याच वर्षी कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने हीच मूर्ती सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतली. विक्रेता होता मॅनहॅटनमधील दुकानदार सुभाष कपूर. म्हणजे ज्या दालनात मूर्ती ‘सुरक्षित’ होती, त्याच दालनाच्या पैशाने चोरीचा व्यवहार पुरा झाला. ग्राहकच नसता तर त्या निर्जन देवळाचे कुलूप कोणी कशासाठी फोडले असते? कपूरला २०११ साली फ्रँकफर्टच्या विमानतळावर अटक झाली, २०१२ मध्ये त्याला भारताच्या हवाली करण्यात आले आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने उडैयारपाळयमच्या मूर्तिचोरी प्रकरणात त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. जर्मन पोलीस, अमेरिकी तपासयंत्रणा आणि तामिळनाडूची मूर्तिचोरी-विरोधी शाखा यांच्या सहकार्याचे हे फलित आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्या मालाला लाखो डॉलर मोजणाऱ्या संग्रहालयांचे काय?

त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याने एक मऊ गादी अंथरून ठेवली आहे. युनेस्कोच्या १९७० च्या करारातील सातवे कलम वाचून पाहावे. चोरीची वस्तू परत मागणाऱ्या देशाने ‘निर्दोष’ खरेदीदाराला न्याय्य भरपाई द्यावी, परत आणण्याचा सारा खर्च सोसावा आणि ती वस्तू आपल्या संस्थेच्या नोंदवहीत असल्याचा पुरावाही द्यावा! आम्हा अनुवादकांना अशा वेळी एक पेच पडतो. त्या दस्तऐवजांतील शब्दाचे भाषांतर ‘निर्दोष’ करावे, ‘सद्भावी’ करावे, की मराठीत ज्याला सरळ ‘डोळ्यांवर कातडे ओढणारा’ म्हणतात तेच लिहावे? वेस्ट मांबलममधील एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने चोरीची सायकल घेतली, तर पोलीस सायकल नेतातच आणि वर दुकानदारालाच ठाण्यावर खेचतात. त्याचा सद्भाव कोणी विचारीत नाही. सद्भावाचे गृहीतक कोट्यधीश संग्राहकांसाठी राखून ठेवलेले आहे.

शिवाय या अपुऱ्या करारालाही बाजारपेठेचे देश किती तत्परतेने धावून आले ते पाहण्यासारखे आहे. भारताने १९७७ साली मान्यता दिली. अमेरिका १९८३ मध्ये आली, फ्रान्स १९९७ मध्ये, ब्रिटन २००२, स्वित्झर्लंड २००३ आणि जर्मनी २००७ मध्ये. करार मागील काळाला लागू होत नसल्यामुळे विलंबाचे प्रत्येक वर्ष हे व्यापाऱ्यांच्या पदरात पडलेले वर्ष होते.

मराठी वाचकांना यातील एक प्रकरण अधिक जवळचे वाटेल. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे आणि त्यांचा पुत्र शिवाजी यांचे एकोणिसाव्या शतकातील चित्र, ज्या सरस्वती महालाचे नाव आमच्या तंजावरी मराठी घरांत आजही अभिमानाने घेतात, तेथून नाहीसे झाले. २००६ साली कपूरनेच ते मॅसॅच्युसेट्समधील पीबडी एसेक्स संग्रहालयाला ३५,००० डॉलरला विकले, अर्थातच मालकीच्या बनावट कागदांसह. त्या संग्रहालयाने २०१५ साली ते अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. पण राजाचे चित्र असो वा खेड्यातला देव, कागद कोणी तपासला तर तो चोर पकडला गेल्यानंतरच.

लढून मिळवल्याचेही उदाहरण आहे. पत्तूर येथे १९७६ साली एका मजुराला खोदकामात सापडलेला नटराज अखेर एका कॅनेडियन कंपनीच्या ताब्यात गेला आणि तेथून लंडनच्या न्यायालयात. मूर्तीवरील मातीची आणि वाळवीच्या खुणांचीही तेथे तपासणी झाली; तामिळनाडूतील एका पडक्या मंदिराचा हक्क ब्रिटिश न्यायाधीशांनी १९८८ मध्ये मान्य केला, १९९१ मध्ये अपिलातही तो टिकला. देवळातल्या देवाला दाद मागता येते, हे सिद्ध करायला पंधरा वर्षे लागली.

आणि आपले राज्यकर्ते? सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी श्रीपुरंदानचा नटराज दिल्लीत नरेंद्र मोदींच्या हाती दिला, तेव्हा भेटवस्तू स्वीकारावी तसा सोहळा झाला. चोराने घेतलेले परत मिळाले तर त्याला भेट म्हणत नाहीत. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेशी सांस्कृतिक मालमत्तेचा करार झाला, त्याचे स्वागत. परंतु १९९५ च्या युनिड्रॉ करारात, जेथे चोरीची वस्तू परत देणे बंधनकारक असून आपण पुरेशी दक्षता घेतली हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर टाकला आहे, भारत सामील झालेला नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांनीही तो स्वीकारलेला नाही. त्यांचे कारण उघड आहे. आमचे कारण कोणते?

मूर्ती ओळखण्याच्या कामी अनेकदा आली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील छायाचित्रे. प्रत्येक खेड्यातल्या देवळाची सचित्र नोंदवही करणे शासनाला अशक्य नव्हते. त्यासाठी लागणारे छायाचित्रकार, लेखनिक आणि पगारी राखणदार या देशात बेकार फिरत आहेत. त्यांना कामावर घ्या, नोंदवह्या ग्रामसभेत वाचा, युनिड्रॉवर सही करा. आणि परत आणलेले देव कुंभकोणमच्या सुरक्षा केंद्रात कुलपात ठेवण्याऐवजी ज्या गावाचे आहेत त्या गावाला, राखणदारासह, कोणत्या तारखेला देणार ते जाहीर करा.