वस्ताद कोण घडवणार?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पावसाळा ओसरू लागला की शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्याची चढती भांजणी असते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ उतरतात, मंडप पडतात, हारतुरे होतात. पाहुणे सुदृढ शरीरात सुदृढ मन कसे वसते ते न चुकता सांगतात आणि करंडक देऊन निघून जातात. या सोहळ्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर पसरणाऱ्या शांततेशी. स्पर्धेचे चार दिवस सोडले, तर वर्षाच्या उरलेल्या ३६१ दिवसांत ही मुले कोणाच्या हाताखाली असतात, हे कोणीही विचारीत नाही. खेळाडू घडवा, अशी आरोळी जो तो ठोकतो. खेळाडू घडवणाराला कोणी घडवायचे, हा विषय मात्र कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे : साधनांची वानवा. मी खो-खो शिकवतो, त्यामुळे या उत्तराचे मला हसू येते. खो-खोला लागतात दोन खांब आणि चार मुठी चुना. कबड्डीला तर रेघ ओढायला एक काडी पुरते. पुसदला, वणीला, दारव्ह्याला मोकळी जागा अजून संपलेली नाही. वानवा आहे ती पारखी डोळ्याची.

हा डोळा काय करतो, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार मुळात उजव्या हाताने फिरकी टाकी. पण चेंडू फेकताना त्याचा डावा हातही तितकाच चालतो, हे त्याच्या लहानपणच्या प्रशिक्षकाने हेरले आणि डाव्या हातानेही टाकून पाहा, असे सांगितले. पुढे दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा म्हणून तो देशभर ओळखला गेला. २०१९ च्या इराणी करंडक सामन्यात त्याने विदर्भासाठी शतक काढले. २०२१ साली मणिपूरविरुद्ध ४ षटके टाकून एकही धाव दिली नाही. दुसरा कोणी असता, तर "एका हातानं नीट टाक" म्हणून दटावून मोकळा झाला असता, आणि आपण काय गमावले ते कोणालाही कळले नसते.

असा डोळा उपजत येतो काय? मुळीच नाही. तो जाणत्याच्या शेजारी उभे राहून येतो. आपल्या जुन्या तालमींना हे ठाऊक होते. थोराड पठ्ठा लहानग्याला पट काढायला शिकवी, ढाक लावून दाखवी. आणि वस्तादाची नजर शिकणाऱ्याइतकीच त्या शिकवणाऱ्यावर असे. त्यामुळे वस्ताद थकला तरी आखाडा ओस पडत नसे; दुसरा वस्ताद तेथेच तयार झालेला असे. तालमीचे दोष मला ठाऊक आहेत. मुलींना तेथे पायरी चढता येत नव्हती, आणि वस्तादाच्या शब्दावर शब्द चालत नव्हता. ते दोष परत आणा, असे मी म्हणत नाही. पण दोषांबरोबर आपण गुणही फेकून दिला.

१९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तेथे दाखवले, हे लोक अभिमानाने सांगतात. मला त्या संस्थेचे थोरपण बर्लिनच्या टाळ्यांत दिसत नाही. खेळ शिकवणाऱ्यांनाही शिकवावे लागते, हे तिने ओळखले आणि त्यासाठी महाविद्यालय उभे केले, यात दिसते. अमरावती आमच्यापासून १०० किलोमीटरही नाही. पण हा विचार एवढे अंतर तोडून आमच्याकडे पुरता पोचलेला नाही.

आमच्याकडे काय चालते? शाळेत ज्याचा तास रिकामा, त्याच्या गळ्यात शिट्टी. मोठी मुले जिल्ह्याला जिंकायची असतात, म्हणून जाणता माणूस त्यांच्याकडे. आणि दहा वर्षांची पोरे कालच्या उमेदवाराकडे. तो बिचारा काय करणार? त्याला जे मिळाले तेच तो देतो : मैदानाच्या चकरा, शिक्षा आणि आरडाओरडा. खो-खोत बसलेल्या मुलीला उठायला उशीर होतो तो ती आळशी आहे म्हणून नव्हे. तिचे बसणेच चुकलेले असते; भार टाचेवर पडलेला असतो. हे पाहायला जो शिकला नाही, तो तिला आळशी ठरवतो, आणि आठ दिवसांत ती मैदानावर यायची थांबते.

निवडीचेही तसेच. १४ वर्षांखालील संघात आपण उंचापुरा मुलगा उचलतो आणि गुण पारखला म्हणून समाधान मानतो. ठिकठिकाणच्या अभ्यासांत असे दिसले आहे, की वयोगटाची मर्यादा सुरू होते त्या सुमाराच्या महिन्यांत जन्मलेली मुले निवडक संघांत प्रमाणाबाहेर भरलेली असतात. म्हणजे आपण बहुधा गुण निवडत नाही, सहा महिन्यांचे थोरलेपण निवडतो. उशिरा वाढणारे पोर तोवर घरी गेलेले असते. मग त्याचा बाप मला विचारतो, "गुरुजी, खेयून का पोट भरते?" दहावीच्या वाढीव गुणांपलीकडे खेळाचा उपयोग आपणच कधी सांगितला नाही, तर तो तरी दुसरे काय विचारणार?

१९८५ पासून सरकार उत्तम प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार देते. पहिल्या मानकऱ्यांत पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नंबियार होते. मानकऱ्यांविषयी मला आदरच आहे; मला खटकते ते नाव. ज्या आचार्याने राजवाड्यातली मुले शिकवली, रानातले पोर नाकारले, आणि ते आपले आपण शिकले तेव्हा त्याचा अंगठा मागून घेतला, त्याचे नाव देताना कोणालाही संकोच वाटला नाही! आमच्या झरी-जामणीच्या, केळापूरच्या कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर चपळ मुलांचा तोटा नाही. त्यांच्याकडे आचार्य अजूनही जात नाही. एकलव्याने मातीची मूर्ती केली होती. आजचा एकलव्य मोबाइलच्या पडद्याकडे पाहून शिकतो. मूर्तीत आणि पडद्यात एक उणीव सारखीच आहे : शिकणाऱ्याचा पाय चुकला, तर दोघांनाही दिसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या विजयाने खेडोपाडी पोरे मैदानाकडे धावली. धावत आलेल्या पोरांना उभे करायला माणूस मात्र कोठे होता?

माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. नव्या प्रशिक्षकाला दहा दिवसांच्या शिबिराचा कागद देऊन सोडू नका. दोन वर्षे जाणत्याच्या शेजारी उभा करा, आणि त्या दोन वर्षांत त्याला पोटापुरते द्या. सर्वांत जाणता माणूस सर्वांत लहान मुलांना द्या. पाया घालायला गवंडी लागतो, बिगाऱ्याने भागत नाही. आणि हिशेब बदला. यंदा आलेल्यांपैकी पुढल्या वर्षी किती मुले परत आली, आणि या माणसाच्या हाताखाली शिकवणारे किती तयार झाले, हे दोन आकडे करंडकाच्या शेजारी मांडा.

व्यवहारी मंडळी म्हणतील, पैसा कोठून आणायचा? मंडप, हार, सत्कार आणि जेवणावळी यांना तो जेथून येतो, तेथूनच.

वाचकांपैकी कोणाला येत्या हंगामात पाहुणे म्हणून बोलावणे येईल. त्यांना एवढेच सांगणे, की करंडक हातात घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : या मुलांना शिकवले कोणी? आणि त्याच्या हाताखाली कोण तयार होत आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर करंडक टेबलावर तसाच ठेवा आणि घरी या.