कानातले रातकिडे

दिवाळीत कान वाजायचेच. शेजारच्या पोराने सुतळी बॉम्ब लावला की घटकाभर कानांत शीळ घुमते आणि मग आपसूक विरते. पण तुळशीचे लग्न लागले तरी ज्यांची शीळ विरत नाही, असेही लोक आहेत. मेहरूणमध्ये आमच्या एका गल्लीतच दोघे निघाले. त्यांतला एक प्रस्तुत लेखक.

माझ्या शिळेचे मूळ मानेत आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मान खाली घालून तपासण्यात वीस वर्षे गेली. माणसाचे डोके सुमारे ५ किलो वजनाचे. पण ते ६० अंशांत पुढे वाकवले की मानेवर २७ किलोंचा भार पडतो, असा हिशेब न्यूयॉर्कच्या एका शल्यवैद्याने २०१४ साली मांडला. म्हणजे गव्हाचे अर्धे पोतेच! (हल्ली विद्यार्थीही मोबाइलपायी हेच पोते वाहतात, पेपर तपासण्याचा मेहनताना मात्र त्यांना मिळत नाही.)

मान दुखली तर दुखो, पण कान का वाजावा? मानेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या संवेदनांच्या काही तारा मेंदूच्या बुडाशी जिथे पोचतात, तिथेच कानाची तारही येते. टेलिफोनच्या दोन तारा चिकटून भलत्याचेच बोलणे ऐकू यावे, तसला हा प्रकार. म्हणूनच मान वळवली किंवा दात आवळले, की काहींची शीळ चढते-उतरते. माझी चढते. हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम आणि जुन्या पेढीवर मुनीमजींपुढे असे तसले उतरते मेज, एवढ्यावर ती पुष्कळ नरमली.

दुसरे आमचे शेजारी काका. भुसावळच्या रेल्वेत इंजिनांवर हातोडा चालवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. "सर, इंजन बंद होऊन वीस वरसं झाली, पन माह्या कानातून ते निघालंच नही," असे ते एकदा मला म्हणाले, तेही काकू आत गेल्यावर, हळूच. माणसाला भलते आवाज ऐकू येतात म्हटल्यावर लोक वेडा म्हणतील, ही त्यांची धास्ती. भजनाला जाणे सोडले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओट्यावर बसू लागले. काकूंची समजूत अशी, की हे मुद्दामच आपले बोलणे कानाआड करतात.

एका डॉक्टरांनी त्यांच्या मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेले दिसले आणि गळ्याला पट्टा चढला. वर्षभर तो पट्टा होता. खरे म्हणजे चाळिशी-पन्नाशीपुढच्या कुणाचाही एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसतेच, तक्रार नसलेल्यांचीही. काकांची शीळ मान वळवल्याने तसूभर हलत नव्हती, हे कुणी विचारलेच नाही.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी श्रवणाची तपासणी केली. आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी दणदणाटाने मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग बाहेरून आवाज कमी येतो म्हणून मेंदू आपला कान अधिकच टवकारतो, आणि त्यालाच गुणगुण ऐकू येते. ही काही नवी व्याधी नव्हे. सुश्रुताने २८ कर्णरोग सांगितले, त्यांत कर्णनाद आहे. माधवनिदानात तर भेरी, मृदंग, शंख असा सारा वाद्यमेळ दिला आहे. बेथोव्हेनने १८०१ साली आपल्या वैद्य मित्राला हेच गाऱ्हाणे लिहिले होते. आणि १९५३ साली अमेरिकेत चांगल्या कानांच्या ८० माणसांना अगदी निःशब्द खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्क्यांना कसले ना कसले आवाज ऐकू आले! त्यामुळे निवांत जागा शोधणे हा यावरचा उपाय नव्हे. रात्री पंखा किंवा हलका रेडिओ बरा. कधी नुसता मळही कान वाजवतो, पण तो काडीने कोरू नये. एकाच कानात शीळ असेल, ती नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, चक्कर येत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर डॉक्टर गाठावा. आणि एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी. तिथे दिरंगाईने कान कायमचा जातो.

काकांना श्रवणयंत्र मिळाले. शीळ आहे, पण बाहेरचे आवाज आत येऊ लागल्यावर ती मागे सरली. पट्टा खुंटीवर गेला. एकादशीला ते पुन्हा भजनाला बसतात, टाळकऱ्यांपासून लांब, पेटीशेजारी. काकूंची तक्रार मात्र मिटलेली नाही. ऐकू येऊ लागल्यापासून हे प्रत्येक बोलण्याला उलट उत्तर देतात, असे त्या आमच्या घरी येऊन सांगतात.