चूक पुसू नका, वाचा



गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. "सर, तुम्ही एकदा सांगा त्याला. रोज रात्री दोन-दोन तास कॉम्प्युटरवर विमान उडवत बसतो. गणितात शंभरपैकी 35 आलेत." मुलाला बोलावून रागावणे सोपे होते. पण न पाहताच कसे रागवावे, म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी गेलो.

मुलगा जे चालवत होता, ते खेळणे नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये 2023 साली एटीआर 72 हे विमान आले, तेच ते. इंडिगोने 2018 मध्ये हुबळीची सेवा सुरू केल्यावर याच जातीची दोन पंख्यांची विमाने गोकुळ रोडच्या विमानतळावर उतरताना आपण पाहिली आहेत. मी हिंदी माध्यमात शिकलेला. पडद्यावरचे निम्मे इंग्रजी शब्द मला नवे होते. मुलाने ते मला मराठीत समजावले. आत टर्बाइन फिरते, ते गिअरच्या मदतीने पंखा फिरवते, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो, हे सारे त्याने नीट सांगितले. ज्याला गणितात 35 मिळाले, त्याला कोन समजत होते!

मग तो आपल्याच धावपट्टीवर विमान उतरवू लागला. विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. मी काही विचारायच्या आत त्याने बटण दाबले आणि विमान पुन्हा आकाशात गेले. तीन वेळा हेच झाले. "काय चुकतंय रे?" मी विचारले. "माहीत नाही सर. पुन्हा करतो ना, जमेल."

चौथ्या वेळी मी त्याला त्या बटणाला हात लावू दिला नाही. वही काढायला लावली. उंची किती होती, वेग किती होता, पॉवर केव्हा कमी केली, हे आठवून लिहायला सांगितले. लिहिता लिहिता त्याचे त्यालाच सापडले. वेग जास्त दिसला की तो पॉवर एकदम मागे ओढत होता. अशा विमानात पॉवर काढली की ते मोठे पंखेच हवेला अडवू लागतात, वेग झपाट्याने उतरतो आणि विमान खाली बसते. पाचव्या वेळी त्याने वेग आधीपासून हळूहळू कमी केला. विमान थोडे वाकडे उतरले, पण धावपट्टीवर उतरले.

सिम्युलेटरचा जन्मच यासाठी झाला आहे. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्यांनी 1929 मध्ये जमिनीवरच डोलणारे शिकाऊ विमान तयार केले. आपल्या पेटीला असतो तसाच भाता! 1934 मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्याने अशी सहा यंत्रे घेतली. चूक जमिनीवर व्हावी, आकाशात होऊ नये, एवढाच हेतू. आजही विमान कंपन्यांच्या अनुभवी वैमानिकांना ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. तिथे उड्डाणानंतर प्रशिक्षक समोर बसवून प्रत्येक चूक उलगडतो. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. घरी रियाज होतोच, पण चुकलेला स्वर दाखवायला समोर गुरू लागतो.

ती चूक सोडून दिली तर काय होते? 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईहून उडालेल्या एटीआर 72 चे एक इंजिन निकामी झाले. घाईत कॅप्टनने चांगले चालणारे दुसरे इंजिन बंद केले. विमान नदीत कोसळले. 58 पैकी 43 जण गेले. इंजिन निकामी झाल्यावर काय करायचे, यात हेच कॅप्टन सिम्युलेटरच्या चाचण्यांत कमी पडले होते, असे चौकशीत आढळले. चूक आधीच दिसली होती, पण ती पुरेशी दुरुस्त झाली नव्हती.

आणि पडद्यावरचे विमान ते शेवटी पडद्यावरचेच. 8 मार्च 2015 च्या संध्याकाळी आपल्याच विमानतळावर पावसात एक टर्बोप्रॉप विमान धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने सर्वजण वाचले. त्या वैमानिकांपुढे पुन्हा सुरू करायचे बटण नव्हते. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान 200 तासांचे उड्डाण लागते. घरच्या खुर्चीतले तास त्यात धरले जात नाहीत. पालकांनी हे ध्यानात ठेवावे आणि मुलाच्या कौतुकात एकदम शेत विकायला निघू नये.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. हे बटण आमच्या शाळेतही आहे. पेपर हाती आला की मुले गुण पाहतात, घडी घालतात आणि दप्तरात टाकतात. पालक "किती मिळाले?" विचारतात, "कुठे चुकले?" विचारत नाहीत. आम्ही शिक्षकही पुढचा धडा सुरू करतो. चुकीला शिक्षा आहे, म्हणून मूल ती लपवते. आणि लपवलेली चूक पुढच्या वर्गात त्याच्याबरोबर जाते.

म्हणून या सत्रापासून प्रत्येक घटक चाचणीनंतर एक तास फक्त चुकांसाठी ठेवावा, असे मी शिक्षकांना सुचवले आहे. त्या तासाला कोणी कोणाला रागवायचे नाही. विश्वस्त मंडळाला विनंती, की शनिवारी दुपारी संगणक कक्ष दोन तास उघडा ठेवण्यास परवानगी द्यावी. विमान असो वा गणित, तिथे शिक्षक हजर असतील आणि प्रत्येकाजवळ वही असेल. पालकांना एवढेच सांगणे, की संगणक काढून घेऊ नका, वेळ ठरवून द्या आणि झोपेचा वेळ त्यात जाऊ देऊ नका.

त्या मुलाच्या वडिलांना मी हेच सांगितले. परवा तो मुलगा वही दाखवायला आला. पुढच्या पानांवर उतरलेली आणि आदळलेली विमाने होती. मागच्या पानांवर गणिताच्या पेपरातली चुकलेली उदाहरणे त्याने पुन्हा सोडवली होती. त्यातली दोन अजूनही चूक होती. आम्ही दोघे ती घेऊन बसलो.

— मुख्याध्यापक