"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे"

माझा भाचा सातपूरला आयटीआय करतो. गेल्या महिन्यात त्याचं एका मोबाइल गेमचं खातं अचानक बंद झालं. चार वर्षं खेळत होता. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात काम करून मिळवलेल्या पैशांतले साडेतीन हजार त्याने गेममधल्या कपड्यांवर आणि बंदुकांच्या रंगांवर घातले होते. (हो, मीही कपाळाला हात लावला. पण पैसे त्याचे होते आणि कंपनीने ते घेतले होते.) त्याने कंपनीला लिहिलं. मिनिटाभरात उत्तर आलं, आपण नियमभंग केला आहे. कोणता नियम, असं विचारलं तर परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, स्वल्पविरामासकट. मग मला म्हणाला, "मामा, तुम्ही पेपरात लिहा ना."

पेपरात या विषयाला जागा मिळत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आपल्या जिल्ह्यात गेम म्हटलं की रमीच आठवते. सिन्नरचे माणिकराव कोकाटे कृषिमंत्री असताना, २०२५ च्या जुलैत, सभागृहातला तो मोबाइलचा व्हिडिओ आला. आपण खेळत नव्हतो असं ते म्हणाले, खातं मात्र बदललं. पुढच्याच महिन्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा संसदेत झाला. चांगलं झालं. पण पैसे न लावता खेळणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या शंका, सूचना, तक्रारी यांचं काय करायचं, हे गेम बनवणाऱ्यांनाच ठरवायचंय.

सगळ्यांचं सगळं ऐकायचं, असं माझं म्हणणं नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. लहान टीम. 'राजी' नावाच्या गेमसाठी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायची मोहीम काढली, ती फसली. तरी नेटाने २०२० मध्ये गेम आणला. त्याचं कौतुक झालं, तशी नावंही ठेवली गेली. शेवट घाईत उरकलाय, हाणामारी अडखळते, असं लोक म्हणाले. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हाणामारी सुधारली होती आणि हिंदी आवाजही होते. एवढ्याशा टीमने प्रत्येकाला पत्र लिहीत बसावं अशी अपेक्षा कुणी धरणार नाही. केलेलं काम दिसलं की उत्तर पोचतं.

इंग्लंडच्या 'नो मॅन्स स्काय'चंही तसंच. २०१६ मध्ये मोठमोठ्या गोष्टी बोलून गेम आणला, त्यातल्या कित्येक त्यात नव्हत्याच. लोक खवळले आणि कंपनी चक्क गप्प बसली. पुढे वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देत गेली, तेव्हा कुठे नाव परत मिळालं. पण मधले ते गप्प महिने टाळता आले असते. "हे राहिलंय, करतोय" एवढं म्हणायला काय लागतं?

सूचना पटली नाही तर सरळ "नाही, हे करणार नाही" म्हणावं. पोरं चार दिवस शिव्या देतील, मग खेळायला लागतील. मला राग येतो तो "नोंद घेतली आहे" या उत्तराचा. महापालिकेत वीस वर्षं बातम्या करतोय, या वाक्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

खातं बंद करणं तर त्याहून गंभीर. कंपन्या म्हणतात, सगळं सांगितलं तर चीटिंग करणारे शहाणे होतील. मान्य. कसं पकडलं ते सांगू नका, पण काय केलं आणि कोणत्या तारखेला, एवढं तरी सांगा. आणि फेरतपासणी एखाद्या माणसाने करावी. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले हे कारण निदान कळलं होतं. म्हणून बागाईतदाराला पुढच्या हंगामात काय टाळायचं ते समजलं. भाच्याने काय टाळायचं?

२०२१ च्या आयटी नियमांनी सोशल मीडियासारख्या मध्यस्थ कंपन्यांना तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायला सांगितलं होतं. पोराकडून पैसे घेणाऱ्या प्रत्येक गेमला हीच शिस्त लावायला काय हरकत आहे?

त्याने चीटिंग केलंच नाही, याची खात्री मी देत नाही. मामा आहे, वकील नाही. केलं असेल तर तसं दाखवा, मीच त्याचा कान धरीन.

रविवारी त्याला बसवून पावत्यांसकट एक पानी अर्ज लिहून घेतला, अगदी माहिती अधिकाराच्या अर्जासारखा. परवा पाठवला. मिनिटाभरात उत्तर आलं. तेच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा कंपनीकडून खऱ्या माणसाचं उत्तर आलं असेल तर मला कळवा. कोणत्या पत्त्यावर लिहिलं होतं, तेही सांगा.