लालबागच्या भिंतींतले भूशास्त्र
मुंबईतील लालबागच्या प्राथमिक शाळांतील मुलांना भूशास्त्र, म्हणजे पृथ्वीच्या घडणीचे शास्त्र, फळ्यावर शिकवण्यापेक्षा हाती भिंग देऊन एखाद्या जुन्या काळ्या दगडी भिंतीपाशी नेणे अधिक फलदायी आहे. कारण सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थिजून बनलेल्या या बेसॉल्ट खडकात जिथे बारीक छिद्रे आढळतात, तिथे वायूचे बुडबुडे अडकले होते, हे त्यांवर बोट फिरवताना मनात पक्के बसते. शेजारच्या वरळीच्या टेकडीत तर दोन लाव्हाथरांमधील गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले अवशेष, सापडले आणि १८४७ मध्ये ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. शाळांनी वेळापत्रकातला एखादा तास या भिंतींसाठी अवश्य राखून ठेवावा.